स्पॅम मेल आधी नुसती जाहिरात होती ना, मग सायबर गुन्ह्यांशी संबंध कधी आला?

पहिला स्पॅम १९७८ चा, डीईसी या कॉम्प्युटर कंपनीच्या गॅरी थर्कने अर्पानेटवर (इंटरनेटच्या आधीचं नेटवर्क) जवळपास ४०० जणांना कॉम्प्युटरच्या डेमोचं आमंत्रण पाठवलं, लोक भडकले पण त्यात फसवाफसवी काही नव्हती. खरं वळण आलं २००३ च्या आसपास, सोबिग व्हायरस आला तेव्हा. मेलमधली अटॅचमेंट उघडली की तुमचा पीसी गुपचूप दुसऱ्याच्या ताब्यात, आणि मग त्याच्यावरूनच पुढे ढिगाने स्पॅम जायचा, मालकाला पत्ताच नाही! असे पीसी जोडून बॉटनेट झाले, ते भाड्याने द्यायचे, त्यातूनच बँकेचे पासवर्डही चोरायचे. नोव्हेंबर २००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॅकोलो या एका होस्टिंग कंपनीचं (इतरांचे सर्व्हर ठेवणारी, बऱ्याच बॉटनेटना हुकूम देणारे सर्व्हर तिथेच होते) कनेक्शन तोडलं तर जगभरातला स्पॅम लगेच निम्म्याहून खाली आला, म्हणजे बघा किती मोजक्या ठिकाणाहून चालायचं हे.