स्पॅनिश शंका-समाधान : 'के'नंतर त्येने की तेंगा?

प्रश्न : नमस्कार ताई, मी मंगळवार पेठेत राहतो. ला लीगाच्या मॅच बघता बघता स्पॅनिशचा नाद लागला, आता बी-वन म्हणजे मधल्या लेव्हलची तयारी चाललीय. बाकी जमतंय, पण 'के' (म्हणजे 'जो' किंवा 'की') आला की पुढं साधं त्येने ('त्याच्याकडं आहे') लावायचं की त्याचंच सबजंक्टिव्ह रूप तेंगा, यात लई गोंधळ होतो. क्लासमध्ये सांगितलं होतं की बुस्कार (शोधणं), केरेर (पाहिजे असणं) दिसले की सबजंक्टिव्ह, म्हणजे इच्छा किंवा अनिश्चित गोष्टीसाठीचं क्रियापदाचं रूप. तसं केलं तर निम्मी उत्तरं चुकतात.

उत्तर : चुकणारच, कारण तो नियम दुसऱ्या वाक्यांचा आहे. 'क्येरो के बेंगास', म्हणजे तू यावंस असं मला वाटतं, इथं 'के'च्या आधी नाम नाही, तिथं केरेरचा नियम बरोबर चालतो. तुम्ही विचारताय ती वाक्यं वेगळी, त्यात 'के'च्या आधी एखादा माणूस किंवा वस्तू असते आणि पुढचं सगळं तिचं वर्णन. इथं मागचं क्रियापद बघून ठरवायचं नाही, त्या नामाकडं बघायचं : ते बोलणाऱ्याला ठाऊक असलेलं नक्की एक आहे, की तसं कुठलंही मिळालं तर चालणार आहे?

तुमच्याच फुटबॉलमधलं घेऊ. 'तेनेमोस उन पोर्तेरो के पारा पेनाल्तिस', आमच्याकडं पेनल्टी अडवणारा गोलकीपर आहे, माणूस टीममध्ये आहे, म्हणून साधं पारा. 'नेसेसितामोस उन पोर्तेरो के पारे पेनाल्तिस', आम्हाला पेनल्टी अडवणारा गोलकीपर पाहिजे, अजून कोणी सापडलेला नाही, म्हणून पारे. आणि 'क्येरो एल बालोन के एस्ता आयी', तिथं पडलाय तो बॉल मला पाहिजे, इथं केरेर असूनसुद्धा साधं एस्ता, कारण बॉल समोर दिसतोय.

आता बघा, मराठीत दोन्हीकडं 'अडवणारा'च आलं, आणि माझ्या मते आपली खरी अडचण इथंच आहे, '-णारा' हा फरक झाकून टाकतो. म्हणून मनात ते वाक्य आधी 'जो'नं उघडायचं. 'जो पेनल्टी अडवतो तो गोलकीपर' असं निघालं तर साधं रूप, 'जो पेनल्टी अडवेल असा गोलकीपर' असं निघालं तर सबजंक्टिव्ह. असेल, येईल, अडवेल ही रूपं आपल्या तोंडात आपोआप येतात, कान तयारच आहे, त्याचा उपयोग करा. 'जो पहिला येईल तो' म्हणजे 'एल के येगे प्रिमेरो', मराठीत भविष्यकाळ पण स्पॅनिशमध्ये वर्तमानाचा सबजंक्टिव्ह. जुन्या स्पॅनिशमध्ये याच्यासाठी भविष्याचा वेगळा सबजंक्टिव्ह होता, तो आता कायद्याच्या भाषेत आणि म्हणींमध्येच उरलाय : 'आ दोन्दे फ्वेरेस, आस लो के ब्येरेस', जिथं जाशील तिथं जे बघशील ते कर. किती सुंदर म्हण आहे, आपल्या देश तसा वेशच्या अगदी शेजारची.

एका ठिकाणी मात्र कान फसवतो, नकारात. 'ज्याला स्पॅनिश येतं असं इथं कोणी नाही' यात आपण 'येतं' म्हणतो, स्पॅनिशमध्ये 'नो आय नाद्ये आकी के सेपा एस्पान्योल'. जो माणूसच नाही त्याच्याबद्दल साधं रूप वापरत नाहीत. नाद्ये (कोणी नाही), नादा (काही नाही), निंगून (एकही नाही) यांचं वर्णन असलं की सबजंक्टिव्ह, हे पाठच करा. 'असं कोणी आहे का' विचारतानाही बहुतेक वेळा तेच, 'आय आल्ग्येन के सेपा माराती?', मराठी येणारं कोणी आहे का?

प्रश्न : 'बुस्को उन पोर्तेरो' आणि 'बुस्को आ उन पोर्तेरो' दोन्ही वाचलंय. मधला 'आ' कशासाठी? – एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : तो 'आ' तुम्हाला उत्तरच सांगतोय. 'बुस्को आ उन पोर्तेरो के पारा पेनाल्तिस' म्हणजे तो ठराविक माणूस आहे, मी त्यालाच शोधतोय. 'आ' नसेल तर कोणीही चालेल, मग पारे. फक्त नाद्ये आणि आल्ग्येनला हे लागू नाही, त्यांच्या आधी 'आ' राहतोच : 'नो कोनोस्को आ नाद्ये के सेपा माराती', मराठी येणारं कोणी माझ्या ओळखीचं नाही.

प्रश्न : भूतकाळात काय करायचं? – एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : प्रश्न तोच विचारायचा, रूप बदलायचं. 'पेनल्टी अडवेल असा गोलकीपर शोधत होतो' यात मराठी 'अडवेल' तसंच ठेवते, स्पॅनिश मात्र तेही मागं नेते : 'बुस्काबामोस उन पोर्तेरो के पारारा पेनाल्तिस'. आणि पाराराच्या जागी पारासे लिहिलेलं दिसलं तर घाबरू नका, तेही बरोबरच आहे, बोलण्यात पारारा जास्त चालतं एवढंच.