गोळ्या चालू आहेत, तरी वजन का वाढत नाही?

"टीबीची एकही गोळी चुकवत नाही, तरी अंगात ताकद का येत नाही?" समुपदेशनात हा प्रश्न नेहमीचा. थुंकी, साखर, एचआयव्ही या तपासण्या आधी व्हायलाच हव्यात. त्यात काही सापडलं नाही, तर घरातलं ताट बघावं लागतं.

एक चोविशीतली सून, वजन ३६ किलो. या वजनाला रोज तीन गोळ्या. त्या ती नेमाने घेत होती, पण दीड महिन्यात काटा हलला नव्हता. "जेवण जातं ना?" असं विचारलं की बायका "हो" म्हणतात, म्हणून काल सकाळपासून काय काय खाल्लं ते विचारलं. सकाळी कोरा चहा. दुपारी सगळ्यांचं झाल्यावर दीड चपाती आणि कालवणाचा नुसता रस्सा. तिचं ताट-वाटी वेगळं, न्हाणीपाशी ठेवलेलं, त्यामुळे पुन्हा वाढून घ्यायला स्वयंपाकघरात जायचीही चोरी. गोळ्या पिठाच्या डब्यामागे, शेजारणींना दिसू नयेत म्हणून.

पुढच्या वेळी सासूबाई आणि नवरा, दोघांनाही बोलावलं. सासूबाईंना दुष्ट ठरवून काहीच साधत नाही. त्यांना नातवाची काळजी होती आणि ती रास्तच होती. टीबी खोकल्यातून हवेवाटे पसरतो, ताटावाटीतून नाही. औषध लागू पडलं की साधारण दोन आठवड्यांत संसर्गाचा धोका खूप कमी होतो, हे त्यांनी ऐकून घेतलं. पण नातवाची तपासणी होऊन प्रतिबंधक औषध सुरू झालं, तेव्हा कुठे ते ताट आत आलं.

पैशाचंही अडलं होतं. टीबी रुग्णांच्या आहारासाठीच्या सरकारी निक्षय पोषण योजनेत नोव्हेंबर २०२४ पासून महिना १००० रुपये मिळतात, सहा महिन्यांचे दोन हप्त्यांत. हिच्या आधारवर माहेरचं नाव, बँकेत सासरचं, म्हणून ते अडले होते. नव्याने लग्न झालेल्या मुलींचं हे फार होतं. दोन्ही कागद पहिल्याच भेटीत शेजारी ठेवून बघावेत.

रोज एक अंडं, ५० ग्रॅम शेंगदाणे आणि घट्ट वरणाची वाटी तिच्यासाठी आधी काढून ठेवायची, हे नवऱ्याने अंगावर घेतलं. टीबी रुग्णांच्या आहारावरच्या झारखंडमधल्या 'रेशन्स' अभ्यासात (२०२३) पहिल्या दोन महिन्यांत वजन ५ टक्के वाढलेल्या रुग्णांमध्ये मृत्यूचा धोका ६१ टक्के कमी आढळला. ३६ किलोला ५ टक्के म्हणजे जेमतेम पावणेदोन किलो! तेवढं वाढायला तिला आणखी महिना लागला.

माहेरी तिने अजून सांगितलेलं नाही. ती स्वतः विषय काढेपर्यंत आम्हीही काढणार नाही.