खाणं तेवढंच असूनही पंचेचाळिशीनंतर पोट का सुटतं? घरी भाकरीच असते, जळगावला राहते.

ताई, दोष वयाला देतात, पण 20 ते 60 या वयात शरीराचा मूळ ऊर्जाखर्च फारसा घटत नाही. घटतात ते स्नायू आणि हालचाल. जेवणानंतर रक्तात आलेली बरीचशी साखर स्नायूच उचलतात. ते कमी झाले, यकृतात चरबी साठली, की साखर पेशींत पोचवणाऱ्या इन्सुलिनचा हुकूम चालेनासा होतो. मग स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं, आणि हे वाढलेलं इन्सुलिन चरबी वितळू देत नाही. पाळी जायच्या सुमारास चरबी मांड्यांवरून पोटाकडे सरकते, ती वेगळीच.

कळण्याची भाकरी चांगलीच. ज्वारीत उडीद असल्याने प्रथिनं मिळतात. पण तीन भाकरी, वर तर्रीदार शेवभाजी आणि चार वाजता चहासोबत फरसाण, हा हिशेब कुणी धरत नाही! भरीत खा, तेल मोजून. केळं एखादं चालेल, शिकरण नको.

वजनकाट्यापेक्षा टेप घ्या: कंबर बाईची 80, पुरुषाची 90 सेंटिमीटरच्या वर असेल तर उपाशीपोटी साखर आणि एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी रक्ततपासणी) तपासा. एचबीए1सी 5.7 ते 6.4 टक्के म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. मानेवर काळपट, मखमली पट्टा दिसतोय का तेही बघा. तो मळ नसतो, घासून जात नाही; इन्सुलिनचा हुकूम चालत नसल्याची ती खूण असू शकते.

जेवल्यावर पंधरा मिनिटं चाला. मे महिन्यात आपल्याकडे दुपारी शक्य नाही, तेव्हा घरातच. आणि आठवड्यातून दोनदा उठाबशा किंवा वजनं उचलणं, हे नुसत्या चालण्याने भरून निघत नाही. थायरॉइडही एकदा तपासून घ्या.