तुमचे प्रश्न, आमची उत्तरं: थर्टी फर्स्टची गर्दी ओसरल्यावर मालवण

प्रश्न : आम्ही डोंबिवलीचे. मी, मिस्टर, सासूबाई (वय 71, गुडघे दुखतात) आणि 4 वर्षांची मुलगी. मागच्या डिसेंबरच्या शेवटी कोकणात जायचं ठरवलं तर रूमचे रेट ऐकूनच गप्प बसलो. यंदा जानेवारीत जावं का? तेव्हा सगळं बंद असतं का? आणि 5 दिवसांत गणपतीपुळे, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ला, जमलंच तर गोवा असं होईल का?

उत्तर : ताई, जानेवारीत नक्की जा. पहिला रविवार गेला की किनारा रिकामा व्हायला लागतो, शाळा सुरू असतात त्यामुळे मोठ्या मुलांची कुटुंबं येत नाहीत, आणि तुमची छोकरी अजून शाळेच्या परीक्षांत अडकलेली नाही, तर हा फायदा आत्ताच घ्या. सोमवार ते शुक्रवार धरा. फक्त 26 जानेवारीला जोडून शनिवार-रविवार येतोय का ते कॅलेंडरवर बघा, आला तर तो आठवडा सोडून द्या, तेव्हा परत डिसेंबरसारखीच गर्दी असते.

पण त्या यादीला माझा स्पष्ट नकार आहे. गणपतीपुळे ते गोवा 5 दिवसांत म्हणजे सासूबाईंचे निम्मे दिवस गाडीत पाय दुमडून जाणार. मालवण-तारकर्ली-देवबाग हा एकच पट्टा घ्या, एकाच घरी सगळ्या रात्री राहा. खोली तळमजल्यावर हवी आणि बाथरूममध्ये कमोड आहे ना, हे फोनवर आधी विचारा, फोटोत ते कळत नाही. आणि सरळ सांगा की मधल्या वारी येतोय, सलग राहणार आहोत, तर रेट काय लावाल? या दिवसांत मालक ऐकून घेतात.

ट्रेनचं रिझर्वेशन आता 60 दिवस आधी उघडतं (नोव्हेंबर 2024 पर्यंत 120 दिवस होतं, बरेच जण अजून तेच धरून चालतात), म्हणजे जानेवारीच्या मध्याचं तिकीट नोव्हेंबरच्या मध्यात काढायचं. कोकणकन्या रात्रीची गाडी आहे, ठाण्याला थांबते, सकाळी कुडाळला उतरायचं आणि तिथून रिक्षा नाहीतर एसटीने मालवण. सासूबाईंसाठी लोअर बर्थ मिळेल असं बघा.

सगळं बंद नसतं, पण सगळं आपोआप चालूही नसतं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या पावसाळ्यात बंद असतात, जानेवारीत चालू, मात्र माणसं भरेपर्यंत होडी थांबते, तेव्हा घाई ठेवू नका आणि सकाळीच जा, कारण दुपारी ऊन चांगलंच लागतं, थंडी म्हणावी अशी फक्त पहाटे. होडीत चढता-उतरताना सासूबाईंना दोन्ही बाजूंनी धरा. किल्ल्याचं काम 1664 मध्ये सुरू झालं, आत शिवराजेश्वराचं (शिवाजी महाराजांचं) मंदिर आहे, आणि चारी बाजूंनी खारं पाणी असून दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, त्या मुलीला आवर्जून दाखवा. तटावर चढायचा हट्ट नको.

जेवणाचंही तसंच. गर्दी नसते तेव्हा घरगुती खाणावळीत सगळं तयार नसतं, रात्री काय हवं ते सकाळीच सांगून ठेवा. सासूबाई मासे खात नसतील तर काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळ्या, घावणे, कुळथाची पिठी मागा, मेन्यूकार्डावर नसलं तरी मागा! हापूस मात्र मिळणार नाही, तेव्हा झाडं मोहोरावर असतात.

आता मला सगळ्यात मोलाची वाटते ती गोष्ट. हा जत्रांचा सीझन. कार्तिकापासून गावोगावच्या देवळांत जत्रा लागतात आणि रात्रभर दशावतार (पौराणिक कथांवरचं लोकनाट्य) चालतो, ज्यांच्याकडे उतराल त्यांना जवळपास कुठे नाटक आहे का विचारा. पहिला एखादा तास बसून परत आलात तरी चालेल, मुलगी तो राक्षस बघून हरखेल (किंवा तुमच्या कुशीत शिरेल), पण हे मे महिन्यातल्या टुरिस्टला सहसा बघायलाच मिळत नाही. मालवणजवळच्या आंगणेवाडीची भराडी देवीची जत्रा वेगळी. तिची तारीख दरवर्षी देवीचा कौल (संमती) घेऊन ठरते, बहुतेक फेब्रुवारीच्या आसपास येते आणि तेव्हा गाड्या, खोल्या सगळं फुल्ल. दर्शनाला जायचं नसेल तर ते दिवस टाळा.

प्रश्न : अकोल्याला राहतो, दोघंच आहोत. सुट्टी फक्त 25 डिसेंबरच्या आठवड्यातच मिळते. गर्दी नको. काय करावं?

उत्तर : मग समुद्र आणि हिल स्टेशन दोन्ही सोडा. लोणारला जा, तुमच्यापासून जवळ आहे. उल्कापातामुळे बेसॉल्ट खडकात झालेलं विवर, त्यात खारं तळं, 2020 पासून रामसर यादीत (जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या). मुक्काम करा, कारण बहुतेक लोक वरून फोटो काढून निघून जातात. सकाळी लवकर विवरात उतरा, झाडीतली जुनी देवळं आणि पक्षी निवांत बघा, संध्याकाळी गावातलं दैत्यसूदन मंदिर, तिथलं कोरीवकाम बघायला वेळ काढून ठेवा. अजिंठा-वेरूळ जोडायचा मोह होईल पण त्या आठवड्यात तिथे सहलींच्या बस असतात. तरी गेलातच तर अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद, वार बघून निघा.