वाचकांचे प्रश्न: १९१५ च्या काळोखात जहाजाचा फोटो निघाला कसा?

प्रश्न: नमस्कार. मी नाशिकला कॉलेज रोडला राहतो. आमच्या आजोबांचा भद्रकालीत फोटो स्टुडिओ होता, तो बंद होऊन खूप वर्षं झाली, पण गेल्या महिन्यात माळा आवरताना काचेच्या निगेटिव्हचा एक खोका सापडला. तेव्हापासून जुन्या फोटोग्राफीबद्दल वाचतोय आणि त्यात एन्ड्युरन्स जहाजाचा तो फोटो दिसला, आकाश काळंकुट्ट आणि बर्फात अडकलेलं जहाज एकदम पांढरं, एकेक दोरखंड मोजावा इतकं स्वच्छ. १९१५ साली रात्री असा फोटो निघत होता का? मुलगी म्हणते, बाबा हा एडिट केलेलाच असणार. आणि आमच्या काचांवर खूप धूळ आहे, पाण्यानं धुवून घेऊ का?

उत्तर: आधी काचांचं सांगतो, त्यात उशीर नको. पाणी अजिबात लावू नका, ओलं फडकंसुद्धा नको. काचेच्या एका बाजूला जिलेटिनचा थर असतो आणि सगळं चित्र त्या थरातच असतं, तो भिजला की फुगतो, मऊ पडतो आणि काचेवरून सुटायला लागतो. बाकीचं शेवटी सांगतो.

आता फोटो. तो खरा आहे, मुलीला नक्की सांगा. एन्ड्युरन्स हे ब्रिटिश शोधप्रवासी अर्नेस्ट शॅकल्टनच्या अंटार्क्टिका मोहिमेचं जहाज, त्या मोहिमेत फ्रँक हर्ली नावाचा ऑस्ट्रेलियन फोटोग्राफर होता, त्यानं २७ ऑगस्ट १९१५ च्या रात्री तो काढला. जहाज जानेवारीपासून वेडेल समुद्रात बर्फात रुतून बसलेलं. पूर्ण काळोखात शटर उघडं ठेवलं तरी प्लेटवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या काचेवर, काही उमटत नाही, जिथे उजेड पडेल तेवढंच उमटतं. दिवाळीत पोरं फुलबाजीनं हवेत नाव लिहितात आणि आपण मोबाईलवर फोटो काढतो ना, तत्त्व तेच. हर्लीनं बर्फाच्या उंचवट्यांच्या आड एकामागून एक असे २० च्या आसपास फ्लॅश उडवले, त्यातले १० तर एकट्या जहाजालाच लागले. तेव्हाचा फ्लॅश म्हणजे पावडरचा भडका, प्रत्येक भडक्यानंतर डोळ्यापुढे अंधारी येणार, आणि तो तसाच धडपडत, नडग्या आपटत, भुसभुशीत बर्फात पडत पुढच्या जागी जात होता. म्हणून ते जहाज आतून उजळल्यासारखं दिसतं.

थंडीचा अंदाज आपल्याला येत नाही. निफाडला पारा ५-६ अंशांवर आला तरी द्राक्षमणी तडकतील म्हणून बागेत शेकोट्या पेटतात, आणि इथे हा माणूस इंजिनाशेजारच्या डार्करूममध्ये, जेमतेम शून्याच्या वर, पाण्यात हात घालून प्लेटा डेव्हलप करत होता. धुवायची टाकी गरम ठेवली नाही तर प्लेटा बर्फाच्या लादीतच अडकायच्या. नखांजवळची कातडी फाटायची, असं त्यानं डायरीत लिहिलंय. तुमच्या आजोबांनी हायपोच्या, म्हणजे चित्र पक्कं करायच्या रसायनाच्या, पाण्यात किती हिवाळे काढले असतील ते यावरून मनात आणा.

पण मला स्वतःला त्या रात्रीपेक्षा पुढचं जास्त हलवून टाकतं. ऑक्टोबरमध्ये बर्फानं जहाज चिरडलं, २७ तारखेला सगळे उतरून बर्फावर तंबूत राहायला लागले, आणि निगेटिव्ह आतच राहिले, झाळून बंद केलेल्या डब्यांत. हर्ली परत गेला, लाकडी भिंत फोडली, कमरेपर्यंत कपडे काढले आणि ४ फूट बर्फाळ पाण्यात बुडी मारून डबे वर काढले. आता होड्यांमधून जायचं म्हणजे वजन मोजून न्यायचं, आणि काच किती जड असते हे तुम्ही तो खोका उचलला तेव्हाच कळलं असेल. ९ नोव्हेंबरला तो आणि शॅकल्टन बर्फावर बसून एकेक प्लेट बघत गेले, सुमारे १२० ठेवल्या आणि ४०० च्या आसपास फोडून टाकल्या. फोडल्या अशासाठी, की नंतर मन बदलून परत घ्यायला जाऊ नये. स्वतः काढलेलं, फुटलेल्या बोटांनी धुतलेलं, आणि स्वतःच फोडायचं! कॅमेरेही तिथेच सोडले, जवळ राहिला एक छोटा व्हेस्ट पॉकेट कोडॅक आणि ३ रोल. २१ नोव्हेंबरला जहाज बुडालं. मार्च २०२२ मध्ये ३००८ मीटर खोल सापडलं तेव्हा मागच्या बाजूचं नाव अजून वाचता येत होतं. फोडलेल्या काचा बर्फ वितळल्यावर त्याच समुद्रात गेल्या असणार.

तुमच्या मुलीची शंका मात्र वाया जात नाही, फक्त ती दुसऱ्या फोटोला लावायला हवी. जहाज बुडाल्यावर हे सगळे होड्यांमधून एलिफंट बेटावर पोचले होते, तिथून त्यांची सुटका होतेय, किनाऱ्यावरची माणसं हात हलवतायत, असा एक प्रसिद्ध फोटो आहे. तो मुळात २४ एप्रिल १९१६ चा, शॅकल्टन जेम्स केर्ड होडीतून मदत आणायला निघाला तेव्हाचा, म्हणजे तो निरोप आहे, सुटका ३० ऑगस्टला झाली. निगेटिव्हवर हात फिरवून तो सुटकेचा म्हणून दाखवला गेला. मोहिमेचा पैसा उभा करताना फोटो आणि फिल्मचे हक्क आधीच विकलेले होते, लोकांना शेवट हवा होता, हे सगळं समजतं, पण मला ते पटत नाही, कारण निरोपाचा फोटो निरोप म्हणूनच जास्त मोठा आहे, मागे राहिलेल्या २२ जणांना होडी परत येईल की नाही हे माहीतच नव्हतं.

आता तुमचा खोका. हात धुवून पूर्ण कोरडे करा, काच फक्त कडांनी धरा. चकचकीत बाजू काचेची, मंद दिसते ती चित्राची, तिला बोट लावू नका, मऊ कोरड्या ब्रशनं धूळ हलकेच झटका. प्रत्येक प्लेट वेगळ्या कागदी पाकिटात घालून उभी ठेवा, एकावर एक रचू नका, प्लॅस्टिकही नको, पावसाळ्यात आत ओल धरते. खिडकीपाशी पांढऱ्या उजेडासमोर धरून मोबाईलवर फोटो काढला आणि रंग उलटे केले की चेहरे दिसतील, मग घरातल्या म्हाताऱ्या माणसांना दाखवून नावं लगेच पाकिटावर लिहा, पेन्सिलनं, आणि तेही काच आत घालण्याआधी. एखादी फुटलेली निघाली तर तुकडे टाकू नका, कागदात आडवे, एकमेकांना न घासता ठेवा.