संघटनेचा सवलतीचा मोबाइल प्लॅन : भाड्याआधी नाव तपासा

प्रश्न : मी स्वतंत्रपणे काम करणारी कर सल्लागार आहे. आमच्या व्यावसायिक संघटनेने सभासदांसाठी दोन मोबाइल कंपन्यांशी सवलतीचे प्लॅन ठरवले आहेत. पहिल्यात भाडे बरेच कमी आहे, पण आपला चालू नंबर संघटनेच्या ग्रुपमध्ये आणायचा, बिल संघटनेच्या नावाने येणार आणि आम्ही पैसे संघटनेकडे भरायचे. शिवाय दोन वर्षांच्या आत बाहेर पडल्यास उरलेल्या सर्व महिन्यांचे भाडे देईन, असे हमीपत्र आहे. दुसऱ्यात नंबर माझ्याच नावावर राहतो, सूट मात्र थोडी आहे. माझा नंबर कित्येक वर्षांपासून सगळ्या अशिलांकडे आहे. अशाच एका जुन्या ग्रुपमधल्या माझ्या सहकाऱ्याने सभासदत्व सोडले, आणि संघटना ना हरकत पत्र देत नसल्याने त्यांचा नंबर अडकून पडला आहे. मी कोणता प्लॅन घ्यावा? ग्रुपमध्ये पतीचाही नंबर घालता येईल का?

उत्तर : तुम्ही सही करण्याआधी विचारले, हे फार बरे झाले. एकदा नंबर ग्रुपमध्ये गेला की तो बाहेर काढणे दुसऱ्याच्या सहीवर अवलंबून राहते.

तुमच्या पत्रात दोन्ही प्लॅनच्या भाड्याची, डेटाची आणि रोमिंगची तुलना आहे. त्या तक्त्यात सगळ्यात वर एक रकाना वाढवा : नंबर कुणाच्या नावावर राहणार? माझ्या मते हा फरक भाड्यातल्या फरकापेक्षा कितीतरी मोठा आहे.

मोबाइल नंबर ही कुणाचीच खासगी मालमत्ता नसते. तो वापरण्याचा हक्क ज्याच्या नावावर जोडणी आहे त्या ग्राहकाचा असतो. कंपनीच्या नोंदीत ग्राहक म्हणून संघटनेचे नाव लागले, की प्लॅन बदलणे, नंबर बंद करणे, दुसऱ्या कंपनीकडे नेणे यासाठी कंपनी संघटनेच्या अधिकृत स्वाक्षरीकर्त्याकडे पाहते. पैसे तुमच्या खिशातून जात असले तरी नोंदीत तुम्ही केवळ वापरकर्त्या. केवायसी तर माझीही झाली, असे तुम्ही म्हणाल. दूरसंचार विभागाने २०२३ मध्ये घाऊक जोडण्यांची जुनी पद्धत बंद करून व्यावसायिक जोडण्यांची पद्धत आणली, आणि तिच्यात संस्थेबरोबर प्रत्यक्ष सिम वापरणाऱ्याचीही केवायसी होते. पण ही पडताळणी सिमचा गैरवापर रोखण्यासाठी आहे. तिच्यामुळे नंबर तुमच्या नावावर होत नाही.

आता पोर्टिंगचे, म्हणजे तोच नंबर ठेवून कंपनी बदलण्याचे, नियम पाहा, म्हणजे सहकाऱ्यांची अडचणही उलगडेल. वैयक्तिक ग्राहक १९०० वर एसएमएस करून यूपीसी (पोर्टिंगसाठी लागणारा कोड) मागतो, आणि थकबाकी वगैरे नसली तर त्याच सेवा क्षेत्रातले पोर्टिंग तीन कामकाजाच्या दिवसांत होते. संस्थेच्या नावावरच्या नंबरासाठी स्वाक्षरीकर्त्याचे अधिकारपत्र लागते. ते नसेल तर कंपनी अर्ज फेटाळते, आणि नियमाला धरूनच फेटाळते. याखेरीज त्या कंपनीकडे ९० दिवस पूर्ण झालेले नसणे, नावबदल प्रक्रियेत असणे, नंबराबद्दल न्यायालयात वाद चालू असणे, करारातले बाहेर पडण्याचे कलम पाळलेले नसणे, हीदेखील नकाराची कारणे आहेत. म्हणजे आज तुम्ही नंबर ग्रुपमध्ये पोर्ट केलात आणि पुढच्या महिन्यात मन बदलले, तर संघटना राजी असूनही ९० दिवस थांबावे लागेल.

तुमच्या व्यवसायात हे जास्तच जड जाते. आयकर आणि जीएसटीच्या पोर्टलचे ओटीपी, बँक, आधार, यूपीआय असे सगळे या एका नंबराला बांधलेले असते. विवरणपत्रांच्या मुदतीच्या आठवड्यात नंबर बंद पडला तर नुकसान तुमच्यापुरते राहत नाही, अशिलांपर्यंत पोचते. आणि तो बंद पडायला तुमची चूक असावी लागत नाही. संघटनेने सगळ्यांचे पैसे गोळा केले पण बिल वेळेवर भरले नाही, तर सेवा तुमचीही थांबू शकते. कायमचा बंद झालेला नंबर किमान ९० दिवसांनंतर दुसऱ्या कुणालाही दिला जाऊ शकतो. तसे झाल्यावर तो परत मिळवून देणे माझ्यासारख्या वकिलाच्याही हातात राहत नाही.

हमीपत्राबद्दल. उरलेल्या सर्व महिन्यांचे भाडे लिहून घेतले म्हणून ते जसेच्या तसे वसूल होईल असे नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करारात रक्कम लिहिलेली असली तरी मिळते ती वाजवी भरपाई, आणि लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ च्या फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास खटल्यापासून हे सांगितले आहे. तुम्ही गेल्यामुळे संघटनेला कंपनीकडे खरोखर काही भरावे लागले असेल तर तेवढे द्यावे लागेल. पण मुद्दा न्यायालयात जिंकणे हा नाही. भांडण मिटेपर्यंत नंबर संघटनेकडे राहतो आणि घाई तुम्हालाच असते, त्यामुळे माणूस नाइलाजाने पैसे भरून मोकळा होतो. म्हणून हे कलम सहीआधीच बदलून घ्यावे.

तेव्हा माझा सल्ला स्पष्ट आहे : अशिलांकडे असलेला नंबर दुसऱ्या प्लॅनमध्ये ठेवा. पहिल्या प्लॅनची स्वस्ताई हवीच असेल तर त्यावर नवा नंबर घ्या आणि तो कार्यालयातल्या मदतनिसाला किंवा फक्त डेटासाठी वापरा. तो उद्या गेला तरी काही अडणार नाही.

तरीही जुनाच नंबर ग्रुपमध्ये न्यायचा तुमचा विचार असेल, तर हमीपत्रात हे वाक्य घालून घ्या : ‘सभासदत्व कोणत्याही कारणाने संपल्यास अथवा सभासदाने लेखी मागणी केल्यास, त्या नंबराची थकबाकी भरल्यापासून १५ दिवसांत संघटना तो नंबर सभासदाच्या नावे करण्यासाठी लागणारे ना हरकत पत्र व अधिकारपत्र देईल, आणि तोपर्यंत तो नंबर बंद करण्याची सूचना कंपनीला देणार नाही.’ यावर फक्त सचिवांची सही पुरेशी नाही. कार्यकारिणीचा ठराव करून त्याची प्रत घ्या, कारण पदाधिकारी बदलले की तोंडी शब्दाला कुणी विचारत नाही. संघटना आणि कंपनी यांच्यातल्या मूळ कराराची प्रतही मागा. दोन वर्षांची अट खरेच कंपनीची आहे की संघटनेने आपल्या सोयीसाठी घातली आहे, ते त्यातच कळेल.

जीएसटीचा हिशेब तुम्ही माझ्यापेक्षा चांगला कराल. दूरसंचार सेवेवर १८ टक्के कर आहे. तुम्ही नोंदणीकृत असाल तर दुसऱ्या प्लॅनमध्ये बीजक तुमच्या नावाने आणि तुमच्या जीएसटीआयएनवर (जीएसटी नोंदणी क्रमांकावर) घेता येते, आणि व्यवसायाच्या वापरापुरते क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, मिळते. पहिल्यात बीजक संघटनेचे. संघटनेने रीतसर कर बीजक दिले नाही, नुसती पावती दिली, तर क्रेडिट नाही. क्रेडिटची रक्कम वजा करून मगच दोन्ही भाडी शेजारी मांडा. फरक बराच खाली येईल.

दुसऱ्या प्लॅनमध्येही दोन गोष्टी लेखी विचारा. सभासदत्व संपल्यावर सूट जाईल, हे ठीक. पण मग तुम्ही कोणत्या प्लॅनवर जाल आणि आधी कळवतील का? आणि सूट फक्त मासिक भाड्यावर आहे की इतर आकारांवरही? तुलना मात्र माहितीपत्रकावर छापलेल्या ‘मूळ किमती’शी करू नका. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या टॅरिफ (दरांच्या) पोर्टलवर कंपन्यांचे सर्वांसाठी खुले प्लॅन दिसतात, ते पाहा. कधी कधी खुला प्लॅनच सवलतीच्या प्लॅनच्या जवळपास निघतो. प्लॅन घेतल्यापासून सहा महिने कंपनीला त्याचे दर तुमच्या तोट्याचे होतील असे बदलता येत नाहीत. तुम्ही मात्र तो केव्हाही बदलू शकता.

पतीच्या नंबराचे थोडक्यात. योजनेत कुटुंबीयांना स्पष्ट परवानगी असेल आणि केवायसी त्यांच्याच नावाने होत असेल तर जरूर घाला. तुमच्या नावाने सिम घेऊन त्यांना वापरायला देणे मात्र टाळा. दूरसंचार कायदा, २०२३ मध्ये ओळखीची खोटी माहिती न देण्याचे कर्तव्य वापरकर्त्यावरच टाकले आहे, आणि फसवणुकीने किंवा तोतयेगिरीने सिम मिळवणे हा तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे.

राहिले तुमचे सहकारी. कंपनीशी भांडण्यात त्यांचा वेळ जाईल, कारण अडवणूक संघटनेची आहे. त्यांनी प्रथम त्या नंबराची पूर्ण थकबाकी भरून पावती घ्यावी. मग अध्यक्ष आणि सचिव दोघांना पोच मिळेल अशा पद्धतीने लेखी मागणी पाठवावी : नंबर माझ्या नावे करण्यासाठी ना हरकत पत्र द्या. हा नंबर संघटनेत येण्याआधीपासून त्यांचा होता, हे जुन्या बिलांवरून दाखवता आले तर त्यांची बाजू फार भक्कम होते. आधी नावबदल पूर्ण करावा, पोर्टिंगचा अर्ज त्यानंतर. दोन्ही एकदम केले तर पोर्टिंग फेटाळले जाईल.

तरीही पत्र मिळाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ता आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे पैसे देणाऱ्याच्या संमतीने सेवेचा लाभ घेणारासुद्धा ग्राहक ठरतो, त्यामुळे बिल संघटनेच्या नावाने होते म्हणून तुमचे सहकारी या व्याख्येबाहेर जात नाहीत. मोबाइल कंपनीविरुद्धची तक्रार ग्राहक आयोगात चालते, हे सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२२ रोजी व्होडाफोन आयडिया विरुद्ध अजयकुमार अगरवाल या निकालात स्पष्ट केले आहे. तेव्हा नावबदलासाठी कंपनीलाही पक्षकार करता येईल. सेवा व्यवसायासाठी वापरली, म्हणून हे ग्राहकच नाहीत, असा आक्षेप समोरून नक्की येईल. त्यासाठी त्याच नंबराला जोडलेले बँक खाते, आधार आणि घरचा वापर यांचे पुरावे जोडावेत. तक्रार राहत्या जिल्ह्यात दाखल करता येते आणि सेवेसाठी दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. अर्जात पहिल्याच दिवशी अंतरिम आदेश मागावा की निकालापर्यंत नंबर बंद करू नये. वाद चालू असताना पोर्टिंग होणार नाही, हे धरूनच चालावे. म्हणून अंतिम मागणीही आधी नावबदलाची असावी. तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. संघटनेने पत्र द्यायला पहिल्यांदा नकार कधी दिला, ती तारीख त्यांनी ईमेल किंवा मेसेजमधून लगेच शोधून जपून ठेवावी.