विहिरीवरची मोटर पाणी १०० फूट वर टेकडीवर चढवते, मग ४० फूट खालचं पाणी का उचलत नाही?

कारण पंप पाणी ओढतच नाही. इम्पेलर, म्हणजे पंपातलं पात्यांचं चाक, फिरला की त्याच्या मधोमध दाब कमी होतो आणि विहिरीतल्या पाण्यावर दाबून बसलेली हवा पाण्याला पाइपातून वर ढकलते. त्या हवेची ताकद समुद्रसपाटीला साधारण १०.३ मीटर, म्हणजे ३४ फूट. तेही कागदावर. पाइपातलं घर्षण वगैरे धरलं तर २२-२५ फुटांपुढे भरवसा नाही. महाबळेश्वरसारख्या उंचीवर हवाच विरळ, तिथे दीडेक मीटर आणखी वजा करा. इथे जास्त एचपीची मोटर घेऊन काही उपयोग नाही. लोक नेमके तिथेच पैसे घालवतात.

पाणी एकदा पंपात आलं की पुढे ढकलायचं काम मोटरचं. तिथे हवेची मर्यादा नाही, ताकद पाहिजे. सेकंदाला १ लिटर पाणी ३० मीटर चढवायला जेमतेम ३०० वॅट लागतात. पंपात वाया जाणारी ताकद धरून १ एचपीत काम होतं.

म्हणून उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की मोटर विहिरीत खालच्या टप्प्यावर उतरवतात, किंवा सरळ सबमर्सिबल सोडतात. ती पाण्यात बुडलेली असते, तिला फक्त ढकलायचंय.

आणि पाणी २० फुटांवर असूनही मोटर नुसतीच घुमत असेल, तर आधी फुटव्हॉल्व्ह, म्हणजे पाइपाच्या तळाची एकतर्फी झडप, बघा. त्यात काडी अडकली की पाइप रिकामा होतो, पंप हवा धरतो. वरून पाइपात बादलीभर पाणी ओतून बघा, पातळी टिकत नसेल तर चोर तोच.